एकसारख्या वेगात गाडी चालवताना इंजिन आपोआप कमी-जास्त होते : नेमके कारण कसे शोधावे?

धागाकर्ता

नमस्कार. माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षे जुनी असून तिचे इंजिन १.५ लिटरचे, चार सिलिंडरचे आहे, गिअर मॅन्युअल आहेत आणि आतापर्यंत ती साधारण १,१०,००० किलोमीटर चालली आहे. गेले दोन महिने तिला एक विचित्र त्रास होत आहे. ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या वेगात, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय अगदी स्थिर ठेवला, तरी गाडी कोणी मागून हलकेच ढकलल्यासारखी पुढे जाते आणि दुसऱ्याच क्षणी धरून ठेवल्यासारखी मागे ओढली जाते. आरपीएमचा काटा २,२०० च्या आसपास जेमतेम शंभर फेऱ्यांनी मागेपुढे होतो, पण तो झोका अंगाला स्पष्ट जाणवतो आणि मागे बसलेल्यांना मळमळू लागते. न्यूट्रलमध्ये उभी असताना काटा ७०० ते १,००० च्या दरम्यान झुलत राहतो.

दोन गोष्टी मुद्दाम नोंदवतो. थंड इंजिनावर पहिली दहा मिनिटे हा त्रास जवळजवळ नसतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर गाडी नेहमीसारखीच जोरात उचलते. चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. एका गॅरेजमध्ये तो कोड पाहून एक्झॉस्टच्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला, नंतर चारही स्पार्क प्लग बदलले. काहीही फरक पडला नाही. आता फ्युएल पंप बदलून पाहू असे सुचवले गेले आहे. पुढचा भाग बदलण्यापूर्वी येथे विचारावे असे वाटले.

प्रतिसाद १

त्रास कधी होतो आणि कधी होत नाही, हे तुम्ही नीट लिहिले आहे, त्यामुळे निम्मे काम सोपे झाले आहे.

आधी कोडचा अर्थ. पी०१७१ म्हणजे सिलिंडरमध्ये जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे आणि ती तूट भरून काढता काढता इंजिनचा संगणक आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचला आहे. ही गोष्ट संगणकाला ऑक्सिजन सेन्सरकडूनच कळते. तुमचा जुना सेन्सर खरे तेच सांगत होता, म्हणून नवा सेन्सरही तेच सांगतो आहे. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, झाले आहे ही तक्रार मान्य करून ते का लीन झाले, हे शोधायला हवे होते.

आता झोके का बसतात ते पाहू. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. स्थिर वेगात संगणक हे प्रमाण ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने सतत राखत असतो. साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होत राहतो, आणि ०.४५ व्होल्टच्या अलीकडे लीन, पलीकडे रिच (पेट्रोल जास्त) असे संगणक समजतो. मिश्रण फार लीन झाले की सिलिंडरमधला जाळ अर्धवट पडतो आणि ताकद कमी होते, मग संगणक पेट्रोल वाढवतो आणि ताकद परत येते, नंतर तो पुन्हा कमी करू लागतो. एरवी हे फेरफार इतके बारीक असतात की चालकाला कळतही नाहीत, परंतु मिश्रण कायम काठावर असेल तर त्यांचेच झोके होतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर संगणक सेन्सरचे ऐकणे बाजूला ठेवून मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, म्हणून तेव्हा तुमची गाडी सुरळीत पळते.

फ्युएल पंपाला आत्ता हात लावू नका. लाइव्ह डेटा दाखवणारा कोणताही साधा स्कॅनर घ्या आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल क्षणापुरते आणि दीर्घकाळ वाढवतो किंवा कमी करतो ते सांगणारे, दोन आकडे तीन स्थितींत टिपून द्या : आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून), उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर धरून, आणि रस्त्यावर स्थिर वेगात. रस्त्यावरचे आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत, चालकाने नव्हे. शिवाय एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या नळ्यावर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे की सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवर दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे, तेही सांगा, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर अवलंबून आहे.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांची गाडी मॅन्युअल आहे, तरीही हा धागा वाचणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एक गोष्ट लिहिते. माझ्या गाडीत हुबेहूब असेच झोके येत होते आणि मी कित्येक दिवस इंजिनलाच दोष देत होते. तिथे दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या मदतीने जोडणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचचा निघाला, जो स्थिर वेगात दोघांना थेट जखडतो. स्थिर वेगात तो क्लच लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा, त्यामुळे आरपीएम दोन-तीनशेने हलत असे, पण वेगदर्शक काटा जवळजवळ स्थिर असे. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त ब्रेकलाइट लागेल इतकाच स्पर्श करावा. त्या स्पर्शाने लॉकअप सुटतो. झोके तत्काळ थांबले तर इंजिनापेक्षा गिअरबॉक्सकडे, आणि सर्वात आधी त्यातल्या तेलाकडे, पाहावे.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. १,१०,००० किलोमीटरनंतर पंप किंवा फिल्टर कमजोर होणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यानेही मिश्रण लीन होऊन हाच कोड येतो. माझ्या गाडीत पंप बदलल्यावरच असा त्रास थांबला होता. मग पंपाची शंका इतक्या लवकर बाजूला का ठेवावी?

प्रतिसाद १

शंका बाजूला ठेवलेली नाही, फक्त तपासल्याशिवाय पंप बदलू नये एवढेच म्हणणे आहे. पंप कमजोर असेल तर पेट्रोलची मागणी जितकी वाढेल तितकी तूट वाढते. म्हणजे आयडलिंगला गाडी ठीक, चढावर वाईट आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सर्वात वाईट. धागाकर्त्यांच्या गाडीत नेमके उलटे आहे. तुमच्या गाडीत पूर्ण ॲक्सिलरेटरवर ताकद कमी पडत होती का, हे आठवून पाहा. पंपाची खरी परीक्षा प्रेशर गेजने होते. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर असलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा दाब ३ ते ४ बार असतो, आणि तो उभ्या गाडीत नव्हे तर भार असताना पाहावा लागतो. गेज जोडण्यापूर्वी लाइनमधला दाब उतरवून घेणे अत्यावश्यक आहे. गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडाला तर आग लागते.

प्रतिसाद ४

एक सुरक्षेची सूचना. झोके येणे वेगळे आणि पाय काढल्यावरही गाडीचा वेग वाढत राहणे वेगळे. तसे कधी झाले तर ब्रेक घट्ट दाबून धरावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा आणि गाडी कडेला घेऊन थांबल्यावरच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत चावी काढल्यास स्टिअरिंग लॉक होऊ शकते. पेडलखाली मॅट सरकून अडकलेली नाही ना, हेही पाहून ठेवावे.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. सेन्सर एमएएफ प्रकारचा आहे. पूर्ण गरम इंजिनावरचे आकडे असे आहेत. आयडलिंगला शॉर्ट टर्म +६ आणि लाँग टर्म +१७, म्हणजे एकूण +२३ टक्के. उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर एकूण +९ टक्के. रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० च्या वेगात एकूण +१२ टक्के. तिन्ही ठिकाणी शॉर्ट टर्मचा आकडा सतत हलत होता, म्हणून त्याची साधारण सरासरी दिली आहे.

प्रतिसाद १

या आकड्यांनी बरेच काही सांगितले. निरोगी गाडीत ही बेरीज शून्याच्या आसपास, साधारण पाच टक्क्यांच्या आतबाहेर असते, आणि दहाच्या पुढे गेली की शोध घ्यावा.

आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असते, इंजिन फार थोडी हवा घेते आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वात जास्त असते. कुठे बारीक भोक असेल तर त्यातून येणारी न मोजलेली हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. आरपीएम वाढवले की मोजलेली हवा खूप वाढते, भोक मात्र तेवढेच राहते, म्हणून त्याचा हिस्सा घटतो. +२३ चे +९ होणे ही व्हॅक्यूम गळतीची खूण आहे. परंतु रस्त्यावर, भार असताना, हा आकडा आणखी उतरायला हवा होता, तो उलट +१२ वर चढला आहे. ही गोष्ट मला खटकते. गळतीच्या आड आणखी एक लहान दोष असावा असे वाटते. पण आधी गळती बंद करा, कारण ती असेपर्यंत दुसरा दोष स्वच्छ दिसणार नाही.

शोध एअर फिल्टरच्या डब्यापासून सुरू करा. तेथून थ्रॉटलपर्यंत जाणारा घडीदार रबरी नळा घड्यांच्या तळाशी चिरतो. इंजिन जोर लावताना थोडे कलते, तेव्हाच ती चीर उघडते आणि उभ्या गाडीत मिटलेली दिसते, म्हणून नळा हाताने वाकवून पाहा. त्यानंतर ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचे गास्केट, इंजेक्टरखालच्या रबरी रिंगा आणि क्रँककेसमधली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाइप तपासा. एमएएफ असलेल्या गाडीत तेलाचे झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नसेल तरीही हवा याच पीसीव्हीच्या वाटेने आत शिरते. पेट्रोलच्या टाकीतली वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर त्याची मॅनिफोल्डकडे जाणारी नळी चिमटीत दाबून धरल्यावर आयडलिंग लगेच बदलते.

तुमचा त्रास गरम झाल्यावर वाढतो, म्हणून मला रबराचा संशय अधिक आहे. गरम रबर मऊ पडते आणि ओढीने चीर उघडते. कान आणि हात यांनी काही सापडले नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. मॅनिफोल्डमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येईल तिथे गळती असते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेटतो. त्याऐवजी बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा संशयाच्या जागी मारावा आणि प्लगच्या वायरी व कॉइल यांवर तो जाऊ देऊ नये. पाण्याने चीर क्षणभर बंद होते आणि आवाज बदलतो. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण बंद जागेत चालू इंजिनाचा धूर जीवघेणा असतो.

प्रतिसाद ५

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो. एमएपी सेन्सरच्या गाडीत चित्र वेगळे दिसते. तिथे भोकातून आलेली हवादेखील मॅनिफोल्डमधला दाब वाढवते, सेन्सर तो दाब मोजतो आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही देतो. त्यामुळे मिश्रण फारसे लीन होत नाही, पण आयडलिंग चढते. भोक मोठे असेल तर थ्रॉटल पूर्ण बंद असूनही आरपीएम वाढत जातात. चालकाने पाय काढला आहे आणि इंजिन तरीही वेगात फिरते आहे, म्हणजे गाडी उतारावर असावी असा अर्थ लावून संगणक पेट्रोल तोडतो. आरपीएम कोसळले की तो पेट्रोल पुन्हा सुरू करतो. अशा गाडीचे इंजिन उभ्या जागी घड्याळाच्या लंबकासारखे लयीत वरखाली होते आणि ट्रिमचे आकडे मात्र निर्दोष दिसतात. ते पाहून गळती नाही असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट, केबलने चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये झडप किती उघडी आहे ते सांगणाऱ्या पोझिशन सेन्सरची पट्टी नेमकी नेहमीच्या वेगाच्या जागी झिजते, कारण पाय सर्वाधिक काळ तिथेच असतो. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी आणि पेडल अगदी सावकाश दाबत या सेन्सरला जोडलेला व्होल्टमीटर पाहावा. साधारण ०.५ व्होल्टपासून ४.५ व्होल्टपर्यंत आकडा सलग चढायला हवा. मध्येच तो गचकन पडला तर झोक्यांचे कारण सापडले. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये सेन्सर दुहेरी असतो आणि दोन्ही वाचने जुळली नाहीत तर कोड येतो, त्यामुळे तिथे हा दोष सहसा लपून राहत नाही.

प्रतिसाद ६

थोडे अवांतर होईल, पण डिझेल गाडीत असेच झोके येत असतील तर कुठून सुरुवात करावी?

प्रतिसाद १

डिझेलमध्ये आधी इंधनाच्या ओढणाऱ्या लाइनमध्ये हवा शिरते आहे का ते पाहावे. फिल्टर ते पंप या भागात तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरचे सील आणि क्लॅम्प हे त्याचे नेहमीचे कारण असते. त्यानंतर तुंबलेला फिल्टर आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना फार मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी सामायिक नळी) पंपावरचा दाब राखणारा व्हॉल्व्ह पाहावा. कॉमन रेल चालू असताना गळती हाताने चाचपू नये, त्यातली धार कातडी भेदून आत जाते. टर्बोचे सील फुटून इंजिन स्वतःचेच तेल जाळू लागले तर ते चावीनेही बंद होत नाही. हा झोक्यांचा प्रकार नव्हे, तो धोका फार मोठा असतो. यापुढचा तपशील वेगळ्या धाग्यात लिहिलेला बरा.

धागाकर्ता

गळती सापडली. घडीदार नळा, बूस्टरची नळी आणि तेलाचे झाकण हे सगळे ठीक होते. पर्जची नळी दाबून पाहिली, काही बदल झाला नाही. पाण्याचा फवारा मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, जिथे नजर पोहोचत नाही तिथे, मारला तेव्हा बारीक सूं-सूं असा आवाज क्षणभर थांबला आणि आयडलिंग सरळ झाले. आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिले तरी काही दिसेना. शेवटी इंजिन थंड करून पीसीव्हीचा पाइप बाहेर काढला. वरून तो नव्यासारखा दिसत होता. मॅनिफोल्डकडच्या काटकोनी वळणाच्या आतल्या बाजूला मात्र रबर तेलाने फुगून लिबलिबीत झाले होते, आणि बोटाने वळण जरासे उघडताच नखाएवढी आडवी चीर दिसली. बोट काढले की ती इतकी नीट मिटत असे की आधी पाहिलेली नसती तर मलाही सापडली नसती.

नवा पाइप आणि नवे क्लॅम्प बसवले. आता आयडलिंग ७५० वर स्थिर आहे. मात्र तुमचा अंदाज बरोबर ठरला. आयडलिंगला एकूण +४, २,५०० वर +६ आणि रस्त्यावर +११. सपाट रस्त्यावरचे झोके जवळजवळ गेले आहेत, पण हलक्या चढावर पाचव्या गिअरमध्ये ते अजून जाणवतात.

प्रतिसाद १

छान काम केले आहे. आता उरलेला आकडा हवेबरोबर वाढतो आहे, म्हणजे एक तर पेट्रोल कमी पोहोचते आहे किंवा एमएएफ हवा कमी मोजतो आहे. प्रतिसाद ३ मधील शंका या टप्प्यावर पूर्णपणे रास्त आहे. म्हणून प्रेशर गेज लावून भारावर दाब पाहाच.

त्याआधी एक प्रश्न. धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेला एअर फिल्टर तुम्ही बसवला आहे का? एमएएफमध्ये एक अतिशय बारीक तापलेली तार असते. अंगावरून जाणारी हवा तिला थंड करते, आणि तिचे तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून संगणक हवा मोजतो. फिल्टरला तेल जास्त झाले तर ते तारेवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि तारेला जणू पांघरूण मिळते. हवा भरपूर जात असूनही तार कमी थंड होते आणि हवा कमी आहे असे वाचन मिळते. हवेचा जोर वाढेल तशी ही चूक सहसा वाढत जाते.

धागाकर्ता

होय, साधारण वर्षापूर्वी तसाच फिल्टर बसवला होता आणि चार महिन्यांपूर्वी तो धुऊन त्याला तेल लावले होते. तेल किती लावावे याचा तेव्हा अंदाज नव्हता.

प्रतिसाद १

मग सेन्सर काढून पाहा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, सेन्सरचे कनेक्टर काढा, दोन स्क्रू सोडवून सेन्सर सरळ बाहेर घ्या. फक्त एमएएफ क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रे वापरा. कार्बोरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर वापरू नका, त्यांनी सेन्सर खराब होऊ शकतो. तारेला बोट, कापूस, ब्रश यांतले काहीही लावू नका, ती सहज तुटते. पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा.

थ्रॉटल बॉडी याच वेळी स्वच्छ करणार असाल तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून फिरवू नका, आतले गिअर तुटतात. साफ केल्यानंतर आयडलिंग पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते, ती गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्कॅनरमध्ये असते. शेवटी कोड पुसा, जुने लाँग टर्म आकडे शून्य करा आणि निदान पन्नास किलोमीटर चालवून नवे आकडे पाहा.

धागाकर्ता

सेन्सर काढला तेव्हा तारेवर करड्या रंगाची चिकट लव दिसली. दहा-बारा फवारे मारल्यावर ती चमकू लागली. साधा कागदी एअर फिल्टर बसवला. दाबही तपासून घेतला, चढावर तो ३.५ बारवर स्थिर राहिला, म्हणजे पंप आणि फिल्टर ठीक आहेत. थ्रॉटल बॉडी फारशी काळी नव्हती, म्हणून तिला हात लावला नाही.

काल आणि आज मिळून १४० किलोमीटर गाडी चालवली. आयडलिंगला एकूण +२, २,५०० वर +१, रस्त्यावर ताशी ७० च्या वेगात +३. चढावरही झोके नाहीत, दिवा परत लागलेला नाही, आणि मागे बसलेल्या आईने आज प्रवासभर खिडकी उघडायला सांगितली नाही. जुना पीसीव्ही पाइप फेकलेला नाही. ज्या मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर बदलला होता त्यांना तो वळणाशी वाकवून दाखवायचा आहे.